पायाखालची फरशी



वर्धापनदिनानिमित्त आपण दरवर्षी विद्वान माणसांना बोलावतो. कुणी संतवाङ्मयावर बोलतं, कुणी आहारशास्त्रावर. यंदा चिटणीसबाईंचा निरोप मला आला, तेव्हा मी त्यांना स्पष्टच विचारलं, "अहो, मी फरशा घासणारी बाई. माझं ऐकायला कोण बसणार?" त्या म्हणाल्या, "बसायला फरशीच लागते ना? मग तिच्यावरच बोला." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून ही मी तुमच्यापुढे उभी आहे.

तुमच्यापैकी पुष्कळजणी मला ओळखतात. दगडी फरशा, ओटे, पायऱ्या, चौथरे साफ करणं आणि खराब झालेले पुन्हा नीट करणं हा आमचा व्यवसाय. आमच्या यजमानांनी तो एका मशीनवर सुरू केला. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तो मी पाहते. पण दुसऱ्याला चार गोष्टी सांगण्याआधी माणसानं आपली चूक सांगावी, असं मला वाटतं. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

माझं लग्न १९९१ सालचं. सासरी देवघरापुढे एक पांढरा संगमरवरी पाट जमिनीत बसवलेला होता. त्याच्या मधोमध कोरलेलं कमळ होतं. माझ्या आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचा तो पाट, आणि वर्षानुवर्षांच्या तेलानं, हळदीनं, उदबत्तीच्या धुरानं पार पिवळा पडलेला. माझ्या पहिल्या गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी मला हुरूप आला. न्हाणीघर धुवायला आणलेली अॅसिडची बाटली होती, ती मी पाटावर ओतली. फसफसून फेस आला. मला वाटलं, बघा, मळ कसा उकळून निघतोय! मी आणखी ओतली आणि काथ्यानं खसाखसा घासलं.

पाट पांढरा झाला. पण दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पाहिलं, तर त्याची सारी झळाळी गेलेली. हात फिरवला तर खडूवरून फिरवावा तसा खरखरीत लागला. आणि कमळाच्या पाकळ्या पुसट झाल्या होत्या. सासूबाई रागावल्या नाहीत. पाटापुढे बसल्या, बोटानं एकेक पाकळी चाचपली आणि म्हणाल्या, "अगं, मळ वर होता. तू खालचं काढलंस."

त्या वेळी हे एका ठेकेदाराकडे फरशी पॉलिशच्या कामावर होते. त्यांनी तीन संध्याकाळी बसून तो पाट हातानं घासला. पाणी घालघालून आधी जाड कणीचा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी ओल्या जाड कापडानं घोटून घोटून चकाकी आणली. पाट पुन्हा उजळला. मी आनंदानं म्हटलं, "झाला की पूर्वीसारखा!" हे म्हणाले, "चकाकी आली. कमळ नाही येणार." आजही तो पाट आमच्या घरी आहे. कमळ कुठं होतं, ते मला दाखवून द्यावं लागतं.

भगिनींनो, माझ्या सगळ्या धंद्याचं सार त्या दोन वाक्यांत आहे. दगडावरचा मळ काढता येतो. गेलेली चकाकीसुद्धा परत आणता येते. पण गेलेला दगड परत येत नाही.

आता तो फेस कसला होता ते सांगते. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटात उष्णतेनं आणि दाबानं चुनखडीचा संगमरवर होतो. चुन्याच्या दगडावर आम्ल पडलं की दगड विरघळतो आणि त्यातून वायू सुटतो. तो फेस मळाचा नव्हता, तो पाटच होता. न्हाणीघराचं अॅसिड जहाल असतं म्हणून ते क्षणात दिसतं. लिंबू, चिंच, कोकम, शिरका, ताक हीसुद्धा तेच काम करतात, फक्त सावकाश.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आपल्या घरातला दगड कोणता ते ओळखा. आपल्याकडे जुन्या घरांतून शहाबादी फरशी असते. ती कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. स्वयंपाकघरात काळा कडप्पा असतो, तो आंध्रातला. हिरवट-निळसर कोटा राजस्थानातला, आणि पांढरा मकराणा संगमरवरही तिकडचाच. रंग निरनिराळे, गावं निरनिराळी. पण ही चारही चुन्याचीच भावंडं. चौघांनाही आम्लाचं वावडं. ग्रॅनाईटची जात मात्र वेगळी. तो कठीण, लिंबाला सहसा दाद देत नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याच्या देवळांच्या पायऱ्या आणि दीपमाळा आपण पाहतो, तोही चुन्याचा नाही; तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. ओळख पटत नसेल तर ओट्याखालच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लिंबाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसा. तिथं फिका चट्टा पडला, तर दगड चुन्याचा समजा.

दुसरी गोष्ट, डाग आणि जखम यांतला फरक. पुष्कळ घरी मला बोलावतात आणि ओट्यावरचा पांढुरका चट्टा दाखवून म्हणतात, "हा डाग काही केल्या निघत नाही." तो निघणार कसा? तो डागच नाही. लिंबाच्या फोडीनं दगड खाल्ला, त्याची ती जखम. ती घासून वाढते. ती भरायची तर पॉलिशच करावं लागतं. डाग म्हणजे दगडानं काहीतरी प्यायलेलं असतं. तेल प्यायला की तो काळपट दिसतो. डाग घासायचा नसतो, शोषून वर ओढायचा असतो.

त्याची रीत सोपी आहे. खाण्याच्या सोड्याचा पाण्यात दाटसर लेप कालवा. तेलाच्या डागावर बोटभर जाडीचा थापा. वरून प्लॅस्टिक झाकून चारी बाजूंनी चिकटवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग प्लॅस्टिक काढून लेप आपोआप वाळू द्या. वाळता वाळता तो डाग वर ओढून घेतो. एकदा नाही निघाला तर पुन्हा लावा. हळदीचा डाग असेल तर मात्र सोडा लावू नका. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. पूर्वी घरी कुंकू करत ते हळदीच्या याच गुणावर. हळदीला उन्हासारखं औषध नाही. ऊन येत नसेल आणि दगड पांढरा असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये मुलतानी माती कालवून लेप द्या. हातमोजे घाला आणि आधी कोपऱ्यात करून पाहा. आज आपलं हळदीकुंकू आहे, तेव्हा हे मुद्दाम सांगून ठेवलं.

लेप म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, ही आजीबाईच्या बटव्यातली युक्ती. पण आग्र्याच्या ताजमहालाचा मकराणा संगमरवर धुरानं नि धुळीनं पिवळा पडला, तेव्हा पुरातत्त्व खात्यानं १९९४ साली हाच मार्ग धरला. मुलतानी मातीचा लेप द्यायचा, तो वाळला की काढायचा आणि शुद्ध पाण्यानं दगड धुवायचा. त्यानंतरही हे काम वेळोवेळी झालं. जगातल्या इतक्या मोलाच्या दगडाला मातीचा लेप चालतो, आणि आपल्या न्हाणीच्या उंबऱ्याला मात्र अॅसिड लागतं!

त्या अॅसिडबद्दल आणखी एक. न्हाणीघर साफ करण्याचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी, ही दोन्ही एका वेळी कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्यानं माणूस गुदमरतो. आज मी सांगितलेलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

रोजच्या निगेला काही लागत नाही. साधं पाणी, फार तर थोडा सौम्य साबण, आणि साबण वापरला तर दुसऱ्यांदा स्वच्छ पाण्यानं पुसणं. फरशीचा खरा वैरी मळ नव्हे, वाळू आहे. चपलांबरोबर येणारी वाळूची कणी संगमरवरापेक्षा कितीतरी कठीण असते. ती पायाखाली रगडली जाते आणि रोज थोडी थोडी चकाकी नेते. दारात बाहेर एक आणि आत एक पायपुसणं टाका. तुम्ही सगळ्यांनी हे केलंत तर माझा निम्मा धंदा बसेल, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

आता पॉलिश म्हणजे काय, तेही सांगते. पुष्कळांची समजूत अशी की आम्ही फरशीला काहीतरी लावतो. खरं पॉलिश लावायचं नसतं, घासायचं असतं. मशीनखाली घासायचे दगड असतात, त्यांना नंबर असतात. साठ नंबर जाड. मग एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, असे चढत जायचं. प्रत्येक नंबरानं आधीच्या नंबराचे ओरखडे काढायचे. शेवटी ओरखडे इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत, आणि उजेड सरळ परततो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला दगडाचा एक पातळ थर जातो. म्हणून वरचेवर पॉलिश करवू नये, आणि जो माणूस फरशी न पाहताच साठ नंबरापासून सुरुवात करू म्हणतो, त्याला नमस्कार करून परत पाठवावं.

इथवर दगडाचं झालं. आता माणसाचं सांगायचं आहे. हे सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

पॉलिशच्या कामाबरोबर आमचे हे ग्रॅनाईटचे ओटेही बसवत. ओटा बसवताना शेगडीसाठी, नळासाठी दगड जागेवर कापावा लागतो. पाणी सोडून कापला तर धूळ बसते, पण स्वयंपाकघरभर चिखल होतो. घरातली बाई म्हणे, "दादा, पाणी नका हो वापरू, सगळीकडे राड होते. कोरडंच कापा. आणि दार लावून घ्या, धूळ बाहेर यायला नको." हे दार लावून घेत आणि आत कोरडं कापत. मी त्या बायकांना दोष देत नाही. माझा ओटा असता तर मीही हेच म्हटलं असतं. संध्याकाळी हे घरी येत, तेव्हा पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. मी हसून म्हणे, "आज म्हातारे होऊन आलात." आणि त्यांचा सदरा गॅलरीत झटकून टाकत असे.

पुढे खोकला लागला. जिना चढताना दम लागू लागला. आधी क्षयाचे उपचार झाले, त्यात पुष्कळ महिने गेले. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही काम काय करता?" तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दुखण्याचं नाव सिलिकोसिस. ग्रॅनाईटमध्ये, वाळूच्या दगडात सिलिका भरपूर असते. चुन्याच्या दगडांतही थोडीफार सापडते. तिची डोळ्याला न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथं व्रण धरतात. ते पुन्हा बरे होत नाहीत. यावर रोग घालवणारं औषध नाही, रोग न होऊ देणं एवढंच हाती असतं.

हल्ली ओट्याला क्वार्ट्झच्या कृत्रिम फळ्यांची हौस आली आहे. दिसायला सुरेख, डाग पडत नाही. पण त्यांतल्या पुष्कळ फळ्यांत सिलिकाचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्याही वर असतं. त्या कापणारी तरुण मुलं आजारी पडू लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवणं, पुरवणं आणि बसवणं कायद्यानं बंद केलं. घरात बसलेली फळी तुम्हाला काही करत नाही. ती कापणाऱ्याला करते. तेव्हा तुमच्याकडे कसलाही दगड कापायला माणूस आला, तर त्याला म्हणा, "दादा, पाणी सोडूनच कापा, आणि तोंडाला नीट मुखवटा बांधा. राड झाली तर मी पुसून काढीन." एवढं एक वाक्य कुणी म्हटलं असतं, तर… असो.

आमच्याकडे आता कोरडं काम होत नाही. एखादं काम त्यापायी हातचं गेलं तरी चालतं. सहाही मुलांना मी सांगून ठेवलं आहे की फरशी बिघडली तर पैसे परत देता येतात.

आता शेवटचं, आणि ते आपल्या घरचं. आपल्या या सभागृहाच्या दुरुस्तीचा विषय गेल्या सभेत निघाला होता, आणि निर्णय वर्धापनदिनानंतर घ्यायचं ठरलं. दोन सूचना आल्या होत्या. एक, ही शहाबादी फरशी अॅसिडनं धुवून वर रोगण मारायचं, आणि दारातली संगमरवरी नामफलकाची पाटीही त्याच हातानं पांढरी करून घ्यायची. दुसरी, या फरशीवरच चकचकीत टाईल बसवायची. माझं मत विचारलं गेलं नव्हतं, पण आज बोलायला उभं केलंच आहे, तर सांगते.

ही फरशी काल मी काठीच्या टोकानं ठोकून पाहिली. तीन लाद्या पोकळ वाजतात, दोन फुटल्या आहेत. तेवढ्या पाच बदलाव्यात. बाकीची फरशी धडधाकट आहे. तिच्यावर अॅसिड घातलं तर ती खडबडीत होईल आणि दुप्पट मळ धरील. रोगण मारलं, तर पावसाळ्यात जमिनीतून येणारी ओल खाली कोंडेल, लोणा धरेल आणि दगडाचे पापुद्रे निघतील. दगडाला ओल बाहेर टाकू द्यावी लागते. हिला पॉलिशचीसुद्धा गरज नाही. मी पॉलिशवाली असून हे सांगते आहे! कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मळकं पाणी लगेच टिपून घेणं, आणि मग दोनदा स्वच्छ पाणी. वीसजणी आलो तर एका रविवारी दुपारपर्यंत काम उरकेल.

टाईलबद्दल एवढंच म्हणते. पंढरपूरला विठ्ठलाच्या मंदिरात २०२४ साली संवर्धनाचं काम झालं, तेव्हा गाभाऱ्यात मागाहून बसवलेली ग्रॅनाईटची फरशी काढून मूळचा दगड मोकळा करण्यात आला. तुमच्यापैकी ज्या वारीला गेल्या, त्यांनी तो पाहिला असेल. आधी झाकायचं आणि मग खर्च करून उघडायचं, त्यापेक्षा आहे ते जपणं शहाणपणाचं.

आणि ती दारातली पाटी. तिच्यावर मंडळ स्थापन करणाऱ्या अकरा बायकांची नावं आहेत. त्यांनी पापड लाटून जमवलेल्या पैशांतून ही जागा घेतली, हे आपण दरवर्षी अहवालात वाचतो. त्यांतली एकही आज आपल्यात नाही. काल मी पाटीवर बोट फिरवून पाहिलं. वरची नावं खोल कोरली आहेत. खालची दोन मात्र उथळ आहेत. बहुधा खाली जागा कमी पडली असावी. एकदा अॅसिड फिरलं की पाटी पांढरीशुभ्र होईल, आणि ती दोन नावं जातील. मी एकदा एक कमळ घालवलं आहे. ही नावं माझ्या डोळ्यांदेखत जाऊ नयेत, एवढीच माझी विनंती आहे.

पाटीचं काम मी स्वतः करीन. मुलतानी मातीचा लेप देईन, शुद्ध पाण्यानं धुवीन, आणि अक्षरांतला उडालेला काळा रंग चांगल्या पेंटरकडून भरून घेईन. पाटी नव्यासारखी दिसणार नाही. थोडी पिवळट राहील. राहू द्या. तिचं वय झालं आहे, आणि वय हा काही मळ नव्हे.

जाताना हळदीकुंकू घेऊन जा, आणि हळद सांडली तर फडक्यानं अलगद टिपून घ्या. घासू मात्र नका.